बांगडीखालचा चट्टा

मोहटोल्याच्या बायकांना कुष्ठरोग होत नव्हता. सरकारचं तसं म्हणणं होतं आणि सरकारकडे पुरावा होता. वर्षातून एकदा आरोग्य केंद्राचा श्रीहरी सायकलवर गावात यायचा आणि समाजमंदिरासमोर सगळ्यांची अंगं तपासायचा. गडी बनियन काढून पाठ दाखवायचे. बायका डोक्यावरचा पदर न हलवता हात तेवढे पुढं करायच्या. कोपराखाली थोडी चामडी दिसायची, तिच्या पुढं बांगड्या.

“बाई, बांगड्या वर करा जराशा,” श्रीहरी म्हणायचा.

“सरकत नाईत भाऊ, घट्ट आहेत,” रुखमाबाई म्हणायची. “काढूनच टाकू का? पण माहा नवरा जिता आहे अजून. थो पाहा, पारावर बसून राह्यला. जा, त्यालेच विचारून ये.”

बायका फिदीफिदी हसायच्या. श्रीहरीही हसायचा, आणि मोहटोल्यापुढं ‘निरंक’ लिहून पुढच्या गावाला जायचा. बाईचं अंग तपासायला बाई पाठवावी, हे वर कोणाला सुचलं नव्हतं. सुचलं असेल तर तिचा पगार द्यायची कोणाची तयारी नव्हती.

गावातल्या बायकांची मनगटं पाहायचा हक्क एकाच माणसाला होता. सावली या मोठ्या गावची कनीज. चाळिशीची, नवरा वारलेला, डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन आजूबाजूची गावं हिंडणारी. पण तिलाही कायदा होता. सवाष्णीचा हात उघडा पडू द्यायचा नाही. जुन्या बांगड्या एकेक करून उतरवायच्या, शेवटची ठेवायची, नवी पहिली चढली की मगच ती शेवटची काढायची. कनीजला तिच्या सासूनं धंद्यातली पहिली गोष्ट हीच शिकवली होती. भाव चुकला तर चालेल, हात उघडा पडला तर त्या गावात पुन्हा पाय ठेवायचा नाही.

रुखमाबाईची सून चंदा. नदीपल्याडची, वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्ह्यात तिचं माहेर. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. मूल नसलेल्या सुनेला त्या घरात जी काही किंमत होती ती रोवण्यापुरती, भाताच्या लावणीपुरती होती. चंदाच्या उजव्या हाताला असा वेग होता की भाताच्या बांधीत दुसऱ्या बायका अर्ध्यावर असताना हिची ओळ पलीकडच्या धुऱ्याला लागलेली असायची. रुखमाबाई गावात सांगायची, “मूल देत नाई, पण चार बायाईचं काम देते.”

या उजव्या मनगटावर फिकट चट्टा आला होता. आधी चार आण्याएवढा, मग रुपयाएवढा. कनीजला तो पहिल्यापासून माहीत होता. तिनं त्याचं नावही ठेवलं होतं: चमकीचा रंग लागला. चमकीच्या बांगड्यांचा रंग घामानं सुटतो आणि कातडी फिकी पडते, हे तिनं पुष्कळ हातांवर पाहिलं होतं. म्हणून तिनं चंदाला साध्या हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या. चट्टा गेला नाही. मग लाखेच्या भरल्या. चट्टा वाढला. मग रुंद कडं दिलं, म्हणजे निदान दिसू तरी नये. बांगडीच्या धंद्यातल्या बाईला सगळे रोग बांगडीपासूनच झालेले दिसतात. दोन वर्षं अशी गेली.

दोन हजार चारच्या संक्रांतीला कनीज रुखमाबाईच्या ओट्यावर बसली होती. चंदा हात देऊन तिला गंमत सांगत होती, नणंद दिव्यानीला पाहायला आलेल्या पोराची.

“बोलतच नाई वो थो. त्याची मायच बोलून राह्यली. पोरगं चहा पिते, बिस्कीट खाते, मायच्या तोंडाकडे पाहते. मले वाटलं, लगन मायचंच करायचं आहे का काय.”

कनीज हसली आणि हसताना तिचा दाब चुकला. बांगडी तडकली. काचेचा तुकडा चंदाच्या मनगटात, त्या चट्ट्यातच घुसला आणि रक्ताची धार तिच्या तळहातावर उतरली. चंदा बोलतच होती. पोराच्या मायची नक्कल करत होती, तोंड वेंगाडून.

कनीजनं तुकडा उपसून काढला. चंदानं तेव्हाही पाहिलं नाही.

“दुखलं नाई?” कनीजनं विचारलं.

“काय?”

कनीजनं घाईघाईनं पदरानं रक्त पुसलं, नवी बांगडी चढवली आणि टोपली आवरली. निघताना चंदाला गोठ्यामागं बोलावून म्हणाली, “चमकी नाई थे. मी म्हणत होती थे खोटं होतं. श्रीहरीले दाखवू.”

“मामी मारून टाकतीन मले,” चंदा म्हणाली. सासूला ती मामी म्हणायची.

“मामीले कोण सांगते? मले बांगड्याचे पैसे द्याचे राह्यले म्हणून सावलीले ये.”

श्रीहरीनं केंद्रातल्या आपल्या खोलीत तिला डोळे मिटायला लावले. बॉलपेनचं टोक लावत गेला आणि विचारत गेला, “कुठी लागलं?” दंडावर तिनं बोट ठेवलं. कोपरावर ठेवलं. चट्ट्यावर पेन टेकवलं तेव्हा ती डोळे मिटून तशीच बसून राहिली, पुढच्या टोचणीची वाट पाहत. मग त्यानं कोपराजवळची नस चाचपली. ती दोरीसारखी टणक लागत होती.

“करंगळी वाकून राह्यली का?”

“थोडीशी.”

“गोळ्या आहेत याच्यावर. चांगल्या आहेत. सहा महिने घेतल्या की मिटते. आता घेतल्या तर हात राह्यते,” श्रीहरी म्हणाला. “नाई घेतल्या तर आधी करंगळी जाते, मग बाजूचं बोट, मग मूठ उघडत नाई.”

चंदानं कनीजकडं पाहिलं. तिनं एकच विचारलं, “रोवण्याले किती महिने राह्यले?”

श्रीहरीनं त्यांना डॉक्टरांसमोर उभं केलं. डॉक्टर तरुण होते, हुशार होते, त्यांनी एका नजरेत ओळखलं. लोक समजतात की खेड्यातल्या डॉक्टरला रोग कळत नाही. कळतो. त्यांना रोगापेक्षा जास्त काही कळत असतं, ती पंचाईत आहे.

“माहेर कुठलं?”

“कोसमटोला. नदीपल्याड.”

“म्हणजे गडचिरोली जिल्हा. हा तिकडचा रोग आहे, तिकडं नोंदवा.”

“रोग हिच्या हातावर आहे साहेब,” कनीज म्हणाली. “आन हात तर इथी आहे, तुमच्या टेबलावर.”

“हे बघा बाई. आपला तालुका आपण दहा हजारात एका रोग्याच्या खाली आणलाय. पुढच्या महिन्यात वरून पथक येतंय. आज एक वाढवला तर मला उत्तर द्यावं लागतं, कसा वाढला, का वाढला, इतके दिवस काय करत होता.”

“मग नका लिहू. गोळ्या द्या.”

“लिहिल्याशिवाय गोळी निघत नाही.”

“दुकानात?”

“दुकानात मिळत नाही. सरकारकडेच असते.”

श्रीहरी खिडकीबाहेर पाहत होता. त्याची नोकरी ठेक्यावरची होती.

चंदा माहेरी गेली. तिचा बाप लटारू तिला घेऊन तिकडच्या केंद्रात गेला. तिथल्या साहेबांनी हात पाहिला, नस पाहिली आणि विचारलं, “सासर कुठलं?”

“सावलीकडे. पण पोरगी माही आहे साहेब.”

“लग्न लावून दिलं ना?”

“दिलं.”

“मग तिकडची झाली. तिकडं न्या.”

लटारूला हे पटलं. म्हणून तो भांडला नाही. त्याच्या गावातही असंच म्हणत. सरकारनं एरवी गावाचा एकही कायदा पाळला नसता, हा तेवढा पाळला. दोन्ही तीरांवर आकडा खाली येत होता, आणि मधल्या नदीच्या डोंग्यात बसून चंदा आपला हात घेऊन परत सासरी आली.

रोवणा लागला. चंदा बांधीत उतरली आणि तिच्या हातातून रोपं सुटायला लागली. अंगठा आणि पहिली दोन बोटं चालत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं, चिखलात आडवं येणारं. बायका पुढं निघून गेल्या. तिची ओळ मागं राहिली, वाकडी.

“काऊन वो, हाताले मेंदी लागली का?” रुखमाबाई धुऱ्यावरून ओरडली. “मूल नाई, आता रोवणाही नाई. अजयले म्हणतो, हिले माहेरी नेऊन घाल. भात खायाले ठेवाची का?”

अजय, तिचा नवरा, बैल हाकत होता. त्यानं ऐकलं आणि बैलाला शिवी दिली.

चंदाला आता तारीख नसलेला एक दिवस समोर दिसायला लागला. मूठ मिटेल, सुगी येईल, विळा धरता येणार नाही, आणि डोंग्यातून उलट प्रवास होईल. बाप तिला ठेवून घेईल, पण गोठ्याशेजारी. त्यांच्या गावात अशी एक म्हातारी होती. तिचं ताट वेगळं होतं, टिनाचं.

कनीजला हे कळलं ते बाजारात. तिनं टोपली तिथंच झाकली आणि दुसऱ्या दिवशी मोहटोल्यात येऊन रुखमाबाईच्या पुढ्यात बसली.

“रुखमाबाई, एक सांगू का? घुग्घुसले माहा भाऊ राह्यते, मुश्ताक. त्याच्या घरामागं बाबाचा दर्गा आहे. तिथी महिन्यातून एक जुम्मेरात, सहा महिने हजेरी लावली की कूस भरते. माह्या भावजयीले तीन झाले.”

“खरं का वो?”

“खोटं काऊन बोलू? नेतो मी सुनेले तुह्या. तिकिटाचे पैसे तेवढे दे.”

ज्या बाईनं हातासाठी पाच रुपये दिले नसते, तिनं पोटासाठी दोघींचं एसटीचं भाडं काढून दिलं. वर नारळ दिला.

घुग्घुसला दर्गाही होता आणि एका संस्थेचा दवाखानाही होता. तिथं सरकारकडून आलेल्या गोळ्या मिळत, पण फक्त तिथल्याच माणसांना. बाहेरचा पत्ता सांगितला की कागद देऊन आपापल्या केंद्रात पाठवत. खरं सांगून दोनदा काय मिळालं ते कनीजला ठाऊक होतं. मुश्ताक मोटार वाइंडिंगच्या दुकानात असताना तिनं भावजयीकडून, शगुफ्ताकडून, घरचं रेशनकार्ड मागितलं आणि तिचा एक बुरखा. त्या कार्डावर कनीजचं नाव अजून होतं. लग्नानंतर कोणी कमी केलं नव्हतं. साखर जास्त मिळत होती, कशाला कमी करतील. आणि वय कार्ड काढलं त्या वेळचं होतं, तेवीस. कार्डावर माणूस म्हातारा होत नाही.

“आत लय गरम होऊन राह्यलं,” बुरख्यातून चंदा म्हणाली. “कशा राहता वो तुमी?”

“मी कुठी राहतो? मले डोक्यावर टोपली असते. हे वहिनीचे शौक.”

“चालताना पाय दिसत नाईत माह्ये.”

“हात दिसला म्हणजे झालं.”

दवाखान्यातल्या बाईनं कार्ड पाहिलं. “कनीज?”

आपल्याला हाक मारली हे चंदाच्या ध्यानातच आलं नाही. कनीजनं तिच्या कमरेला चिमटा काढला, तेव्हा बुरख्यातून आवाज आला, “जी.”

तिथं तपासणारी बाई होती. तिनं दार लोटून चंदाच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, पाठ पाहिली, मांड्या पाहिल्या. मोहटोल्याला इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं ते एका बंद दारामागं झालं. गोळ्यांचा पहिला डोस तिथंच, तिच्यासमोर गिळायला लावला. सुजलेल्या नसेसाठी वेगळ्या गोळ्या दिल्या, आणि वाकलेली बोटं रोज तेल लावून सरळ करायला शिकवलं. त्या संध्याकाळी चंदाला लाल लघवी झाली आणि ती रडत संडासातून बाहेर आली. कनीज म्हणाली, “गोळीचा रंग आहे थो. मले त्या बाईनं सांगितलं होतं, मीच विसरली सांगाले.”

पुढं काय होईल याचा कनीजनं विचार केला नव्हता. तिला वाटलं, नाव कार्डावरचं आहे आणि कार्ड भावाच्या पेटीत राहतं. नाव पायानं चालत सावलीपर्यंत येईल हे तिच्या ध्यानात आलं नाही.

पण तो दवाखाना काम करणारा होता, आणि काम करणाऱ्या दवाखान्याला एक सवय असते. रोगी सापडला की त्याच्या घरची माणसं तपासायची. एक दिवस त्यांचा माणूस मुश्ताकच्या दारात उभा राहिला आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात विचारता झाला, “कनीज नावाची पेशंट इथंच राहते ना? घरातल्या सगळ्यांना तपासायचंय.”

शगुफ्तानं दार आपटलं. मग नणंदेला शिव्या घातल्या, मग शेजारणीसमोर रडली. शेजारणीची बहीण सावलीत दिलेली होती. पावसाळा संपेपर्यंत सावलीच्या बाजारात सगळ्यांना माहीत झालं की बांगड्यावाल्या कनीजला महारोग आहे. बायका तिच्या टोपलीसमोरून पदर सावरून जायला लागल्या. मुबीन नावाच्या एकानं त्याच सुमाराला नाक्यावर बांगड्यांचं दुकान टाकलं होतं, त्याचं चांगलं झालं.

“मी सांगतो सगळ्याईले,” चंदा एसटीत म्हणाली. तेव्हा पाचवा महिना चालू होता.

“काय सांगतेस?”

“का रोग माहा आहे.”

“आन मग तुले गोळ्या कोण देईल? कनीजच्या नावच्या गोळ्या आहेत थ्या. गप बस. हात सरळ कर.”

चंदानं हात सरळ केला. शेजारचं बोट आता सरळ होत होतं. करंगळी नव्हती होत.

सहा महिने झाले. दवाखान्यानं कनीज नावाच्या रोग्याला बरं झाल्याचं सांगितलं. म्हणजे सरकारी हिशेबात, ज्या बाईला रोग नव्हता ती घुग्घुसला बरी झाली, आणि जिला होता तिच्या सासरी आणि माहेरी दोन्हीकडं निरंक. त्या उन्हाळ्यात सावलीकडच्या केंद्राच्या भिंतीवर नवा रंग लावून ‘कुष्ठरोगमुक्त’ असं लिहिलं गेलं. डॉक्टरांची बदली चांगल्या जागी झाली. श्रीहरीचा ठेका वाढला नाही. रोग संपला होता, मग तो शोधणारा माणूस कशाला हवा?

वैशाखात दिव्यानीचं लग्न निघालं, त्याच मायच्या तोंडाकडं पाहणाऱ्या पोराशी. चंदा म्हणाली, चुडा भरायला कनीज येईल. रुखमाबाई नाही म्हणाली. चंदानं जेवण सोडलं. घरात लग्न, पाहुणे भरलेले, सून उपाशी. शेवटी रुखमाबाईनं हो म्हटलं, पण अट घातली: ती दिव्यानीच्या हाताला शिवणार नाही, टोपली ठेवेल आणि बायका आपापल्या हातानं भरून घेतील.

कनीज आली आणि मांडवाच्या कोपऱ्यात, खांबाला टेकून बसली. बायका दूर बसल्या. कोणी टोपलीला हात लावेना. मग चंदा उठली, तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि उजवा हात पुढं केला.

“भर.”

“पाहा वो, मन किती मोठं!” एक पाहुणी म्हणाली.

“सून आहे कोणाची?” रुखमाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. “माह्या घरचं वळण आहे. बिमारीवालीचाही मान ठेवते. लोकाईच्या सुना नाकाले पदर लावतात.”

“देवमाणूस आहे बाप्पा.”

“कनीज, नशीबवान आहेस वो. नाई तर तुह्यासारखीले कोण हात देते?”

कनीज खाली पाहून जुन्या बांगड्या उतरवत होती. एक, मग दुसरी. नेहमीप्रमाणं ती शेवटच्या बांगडीशी थांबली आणि नवी उचलायला टोपलीत हात घातला. तेवढ्यात चंदानं ती शेवटची बांगडी डाव्या हातानं ओढून काढली आणि जमिनीवर टाकली. काच फुटली. चंदा उठून मांडवाच्या मध्यात गेली आणि उघडा हात वर धरला.

“हा पाहा. हा माहा आहे. बिमारी माह्या हाताले होती, तिले नाई. पाहा चट्टा.”

चट्टा फिका पडला होता, पण होता. मांडवात इतका उजेड होता की लहान पोरालाही दिसला असता.

“अवो बाई, हात उघडा केला!” पाहुणी किंचाळली.

“नवरा जिता आहे तुहा, अवदसे!”

“लगनाच्या मांडवात! दिव्यानीच्या चुड्याच्या टायमाले!”

“अजय कुठी आहे? बरा आहे ना? पाहा कोणीतरी, कुठी गेला थो!”

“चट्टा पाहा ना वो,” चंदा म्हणत होती. ती एकेकीच्या तोंडापुढं मनगट नेत होती आणि एकेक जण डोळे झाकून घेत होती. “चट्टा पाहा. मामी, तुमी तरी पाहा.”

रुखमाबाईला चट्टा दिसला नाही. तिला मनगट दिसलं. तिनं सुनेचं ते मनगट पकडलं, तिला फरफटत कोपऱ्यात नेलं आणि तिचा हात कनीजच्या मांडीत कोंबला.

“भर वो! पाहतेस काय तोंडाकडे? भर लवकर!”

याच बाईनं कनीजच्या बोटांना दिव्यानीच्या हाताला शिवायला मनाई केली होती. आता तीच बोटं ती आपल्या सुनेच्या हातावर दाबून धरत होती. मागून पाहुण्या ओरडत होत्या, हिरवी घाल, हिरवी घाल. मांडवाबाहेर अजय सापडला, पाणी भरत होता, जिवंत होता. तसं कोणीतरी येऊन सांगितलं.

कनीजनं चंदाचा अंगठा आत मुडपला. करंगळी मुडपेना, तशीच वाकडी राहिली. कनीजनं तिच्यावरून बांगडी तिरकी करून फिरवली, गाठीवरून जोर लावला आणि बांगडी सरकन मनगटावर उतरली. तिची कड चट्ट्याला घासून गेली.

चंदानं हात मागं ओढला.

“दुखलं?” कनीजनं विचारलं, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं.

“दुखलं,” चंदा म्हणाली.